पाच घरची लुगडी

“आक्का, बाळाची दुपटी शिवून झाली का?” हौसाबाईने उंबऱ्यात बसत विचारले.

मी तांदूळ निवडत होते. सुपावरची नजर न काढता मी म्हणाले, “नाही. आमच्याकडे घरची दुपटी चालत नाहीत.”

“मग कुठली चालत्यात?”

“पाच घरची.”

हे शब्द माझ्या तोंडून कसे निघाले, ते आज शहाऐंशीव्या वर्षीही मला सांगता यायचे नाही. परंतु एकदा बोललेला शब्द मागे घेण्याची मला सवय नव्हती. गल्लीतल्या महिला मंडळाची मी सलग नऊ वर्षे अध्यक्ष होते. अध्यक्षांनी शब्द मागे घ्यायचा नसतो, पुढे न्यायचा असतो. तो मी पुढे नेला.

“पाच घरांतली, वापरून वापरून मऊ पडलेली सुती लुगडी,” मी सांगितले. “त्यांचीच दुपटी, त्यांचेच लंगोट, त्यांचीच झबली. पहिले सहा महिने बाळाच्या अंगाला कोरे कापड लागू द्यायचे नाही. याला पंचवस्त्र म्हणतात. आमच्या घराण्याचा कुळाचार आहे.”

आतल्या खोलीत माझी लेक शकू झोपली होती. तिला आठवा महिना लागला होता. ती झोपलेली नसावी, कारण नेमका त्याच वेळी तिला ठसका लागला.

हौसाबाईने मला निरखून पाहिले. मग अगदी नम्रपणे म्हणाली, “आमचं घर चालंल का, आक्का?”

“विचार करून सांगेन,” मी म्हणाले.

आता या विचारामागची खरी हकिगत सांगते. त्या वर्षी इचलकरंजीत सुताचे भाव चढले होते आणि कापड कोणी उचलत नव्हते. आमचे चारही माग चार महिने बंद होते. माझे यजमान रोज सकाळी डबा घेऊन पलीकडच्या एका कारखान्यात जात आणि गल्लीत सांगत, की तिथल्या मालकांना सल्ला द्यायला जातो. माग दुरुस्त करणारा जॉबर म्हणून ते तिथे लागले आहेत, हे मला कळले होते. ते मला कळले आहे हे त्यांना कळू नये, एवढी काळजी मी घेत होते.

मुलीचे पहिले बाळंतपण माहेरी होते. त्याचा सगळा भार माहेरावर असतो आणि मानही माहेराचाच असतो. शकूचे सासर कऱ्हाडला. घरात अकरा माणसे, आणि चूल पहाटे पेटे ती रात्री विझे. शकू मुळातच अशक्त. डॉक्टरीणबाईंनी बजावले होते, की बाळंतपणानंतर तीन महिने हिला वाकू द्यायचे नाही. माहेरी ओढाताण आहे याचा विहीणबाईंना नुसता वास जरी लागला असता, तरी त्यांनी बाराव्या दिवशी बाळबाळंतिणीला एस.टी.त बसवून नेले असते. वर “तुझ्या माहेरी दुपट्याची पंचाईत होती” हे शकूने जन्मभर ऐकले असते.

कोणी म्हणेल, दुपट्यांना कोरे कापड कशाला, घरची जुनी लुगडी फाडावीत. अगदी खरे आहे. परंतु माझी जुनी लुगडी माझ्याकडे नव्हती. दसऱ्याच्या सुमारास चंपा बोहारीण गल्लीत आली होती. जुन्या कपड्यांवर भांडी देणाऱ्या बायकांत तिच्यासारखी घट्ट बाई मी पाहिली नाही. तिच्याशी दीड तास घासाघीस करून मी ट्रंकेतली अकरा लुगडी दिली आणि कडीच्या झाकणाचा, पंधरा शेर धान्य मावेल असा स्टीलचा डबा घेतला. तो डबा मी घरोघर नेऊन दाखवला. एवढ्यावर न थांबता दुसऱ्या दिवशी चंपाला पुन्हा बोलावले, आणि गल्लीतल्या बायकांनी ट्रंका कशा रिकाम्या कराव्यात, यावर ओट्यावर उभी राहून चार शब्द बोलले. त्यानंतर पंधरा दिवसांनी शकूला दिवस गेल्याचे पत्र आले.

डबा फळीवर चकाकत होता. ट्रंकेत डांबराच्या गोळ्या होत्या.

संध्याकाळी यजमान घरी आले ते विचारतच. “अगं, कोपऱ्यावर मला हौसाबाईचे मालक भेटले. म्हणाले, तुमच्या घराण्याचा पंचवस्त्राचा कुळाचार फार चांगला आहे. आमच्या घराण्यात असा कुळाचार आहे?”

“आहे.”

“मला कोणी कधी सांगितले नाही.”

“पुरुषांना सांगत नाहीत,” मी म्हणाले, आणि त्यांच्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला. ते पाणी प्यायले. बावीस वर्षांच्या संसारात कुठे थांबावे, हे त्यांना चांगले समजू लागले होते.

दुसऱ्या दिवसापासून आमच्या ओट्यावर बायकांची रीघ लागली. मी कोणाच्याही दारी मागायला गेले नाही, हे मला मुद्दाम नमूद करावेसे वाटते. बायका आपणहून येत, आपले घर पाचांत बसते का ते विचारीत, आणि मी त्यांची रीतसर चौकशी करी. घरात भांडणे किती होतात? लुगडे सुतीच आहे ना? निदान दोन वर्षे नेसलेले आहे ना? एकीने उत्साहाने नायलॉनचे पातळ आणले. ते मी दोन बोटांनी उचलून परत केले. शेवटी जैबून आली. माझे यजमान जात त्याच कारखान्यात तिचा नवरा माग चालवी. ती ओट्याखालीच उभी राहिली.

“आक्का, आमचं चालंल का? का आमच्या घरचं न्हाई चालायचं?”

“सुताला कुणाच्या घरचे हे कळत नाही. तू वर ये आणि बस,” मी म्हणाले.

तिने कापडाच्या गाठोड्याबरोबर पाळणाही पाठवला. तिच्या सातही मुलांना पुरून उरलेला तो शिसवी पाळणा पाहून मी तत्काळ जाहीर केले, की पंचवस्त्राबरोबर सात बाळे निजलेला पाळणाही कुळाचारात बसतो. वाणिणीने अर्धा शेर डिंक आणला, तोही बसला. रात्री शकू मला म्हणाली, “आई, उद्या दुधाचाही कुळाचार निघेल.”

“तू पड. तुला वाकायचे नाही,” मी म्हणाले.

चैत्रात शकूला मुलगी झाली. पाच घरांतून कापड येऊन पडले होते. बायकांनी काठ काढून, हात हात लांबीचे तुकडे करूनच आणले होते. काही पांढरे, काही फिकट बदामी, काही हळदीच्या पिवळ्या रंगाचे, एक निळसर. मी दुपारभर शिवत बसे आणि समोर बसलेल्या बायकांना त्यांचेच कापड हातात धरून समजावून सांगे: “हा मऊपणा बघा. हा नव्या कापडाला सात जन्मांत यायचा नाही. मी मागवाल्याची बायको आहे. डोळे मिटून बोट फिरवले, तरी कापडाचे वय सांगेन.”

“व्हय आक्का,” बायका म्हणत. जैबून पदर तोंडाला लावून खाली बघे. तिला माझ्याविषयी विशेष आदर आहे, असे मला वाटे.

बारशाला कऱ्हाडहून विहीणबाई आल्या. अनसूयाबाई हे त्यांचे नाव. उंच, करकरीत आवाजाच्या, आणि बोलण्यात कोणाचे देणे न ठेवणाऱ्या. मला त्या मनातून आवडत, परंतु ते त्यांना कळू देण्याचे काही कारण नव्हते. त्यांनी आल्या आल्या पाळण्याची दोरी ओढून पाहिली, बाळाचे झबले चिमटीत धरून पाहिले, दांडीवरची दुपटी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पाहिली. घुगऱ्या वाटून झाल्या, पाळणा म्हणून झाला, मुलीचे नाव मंजिरी ठेवून झाले. मग भरल्या बायकांत त्या म्हणाल्या:

“विहीणबाई, एक विचारू? राग मानू नका.”

“मानायचा की नाही, ते ऐकल्यावर ठरवू.”

“घरात एकही कापड नवे दिसत नाही.”

मी पंचवस्त्राची माहिती दिली. आता ती माझ्या तोंडी इतकी बसली होती, की माझ्या आजेसासूबाईंनी ती मला सांगितल्याचे मला जवळजवळ आठवू लागले होते. अनसूयाबाईंनी सगळे शांतपणे ऐकून घेतले.

“म्हणजे हा तुमच्या कुळाचा आचार.”

“अर्थात.”

“आणि मूल कोणत्या कुळाचे?”

मूल त्यांच्या कुळाचे होते. मुलीचे लग्न झाले, की तिचे कूळ बदलते. तिच्या लेकराला आमचा कुळाचार लागूच होत नव्हता. इतकी साधी गोष्ट अडीच महिन्यांत माझ्या लक्षात कशी आली नाही, याचे मला आजही आश्चर्य वाटते.

“आमच्या कुळात असे काही नाही,” त्या पुढे म्हणाल्या. त्यांचा आवाज खाली आला होता, आणि तेच मला अधिक लागले. “अडचण असली तर सरळ सांगावे. वेळ कोणावरही येते. आम्ही परके नाही. उद्या सकाळच्या गाडीने मी शकूला आणि बाळाला घेऊन जाते. तुमचाही भार हलका होईल.”

आत शकूने माझ्याकडे पाहिले. बाराच दिवस झाले होते. पाळण्याची दोरी धरायलाही तिला भिंतीचा आधार लागत होता. मी तोंड उघडले. जन्मात पहिल्यांदाच त्यातून काही निघाले नाही.

“विहीणबाई, चुकतंय तुमचं,” मागून हौसाबाई म्हणाली.

सगळ्यांनी माना वळवल्या. हौसाबाई घुगऱ्यांची ओंजळ तशीच धरून पुढे सरकली.

“कुळाचार आक्कांच्या कुळाचा न्हाईच. गल्लीचा हाय. या गल्लीत जे पोर जन्मतं, त्याला पाच घरचं कापड लागतंय. कूळ कुठलं का असंना.”

“पण या तर घराण्याचा म्हणाल्या,” अनसूयाबाई म्हणाल्या.

“त्यास्नी वाटतंय, गल्ली त्यांच्या घराण्याची हाय.”

बायका हसल्या. एरवी मी हे खपवून घेतले नसते. त्या दिवशी मीही ओठ थोडे हलवले.

“माझ्या साती पोरांना बी केलं,” जैबून म्हणाली. तिची सातही मुले मालेगावला तिच्या माहेरी जन्मली होती, हे मला ठाऊक होते. वाणीण म्हणाली, तिच्या थोरल्याला केले. नायलॉनचे पातळ आणणारी म्हणाली, तिला तर लहानपणी स्वतःलाच केले होते. ती लग्न होऊन गदगहून आलेली होती.

अनसूयाबाईंनी सगळ्यांची तोंडे पाहिली. मग पाळण्यातले बदामी दुपटे उचलून गालाला लावले.

“मऊ आहे खरे,” त्या म्हणाल्या. दुपटे खाली ठेवत विचारले, “सहाव्या घरचे चालते का?”

“नियम पाचाचा आहे,” मी म्हणाले. माझा आवाज परत आला होता. “तथापि बाळाच्या आजीचे एक अधिक घेता येते.”

दुसऱ्या दिवशी त्या एकट्याच कऱ्हाडला गेल्या. जाताना आपले जुने, वीस वर्षे नेसलेले इरकली लुगडे ठेवून गेल्या, आणि शकूला तिसऱ्या महिन्यानंतर पाठवा, घाई नाही, असे सांगून गेल्या.

त्या लुगड्यानेच घात केला. ते मी फाडायला घेतले, तेव्हा ते बसण्याच्या जागी जाळीसारखे विरले होते, खांद्याशी पातळ झाले होते, आणि निऱ्या खोचायच्या जागी जरा धड होते. जुने कापड असेच असते. माणूस कसे वावरले ते त्याच्यावर उमटलेले असते. मी सहज शेजारचे बदामी दुपटे हातात घेतले. ते सगळीकडे सारखेच मऊ होते. पिवळे घेतले. तेही. मग मी ते उजेडात धरले. दर चार बोटांवर एक आडवा धागा सुटला होता. पांढऱ्यात पाहिले, चार बोटांवर धागा सुटलेला. निळसर कापडातही तेच. पाच घरांची कापडे, चार रंगांची, आणि सगळ्यांत एकच खोट.

यजमान जेवायला बसले होते. मी त्यांच्यासमोर दुपटे धरले.

“हा सात नंबरचा माग,” ते घास हातात ठेवून म्हणाले. “रामनवमीपर्यंत असाच धागा सोडत होता. मी दोन दिवस खपून नीट केला.” मग त्यांच्या लक्षात आले. “म्हणजे, सल्ला दिला.”

“सल्ला देता देता हाताला वंगण लागते, ते मी रोज धुते,” मी म्हणाले. “या कापडाचे काय झाले?”

“बिघडलेला तागा बाजारात जात नाही. कामगारांना अर्ध्या भावात देऊन टाकतात. तो जैबूनच्या नवऱ्याने उचलला.” त्यांनी माझ्याकडे न बघता भात कालवला. “पाच जणींनी मिळून घेतला, असे ऐकले.”

मी दुपटे घेऊन तशीच हौसाबाईकडे गेले. ती भाकरी थापत होती. मी आत पाऊल टाकले आणि फळीकडे पाहिले. फळीवर कडीच्या झाकणाचा स्टीलचा डबा होता. हुबेहूब माझ्या डब्यासारखा. तो तिला घेऊन देण्यासाठी चंपाशी मीच घासाघीस केली होती. जैबूनकडचा, वाणिणीकडचा, असे सगळ्यांचे डबे माझ्या डोळ्यांपुढे उभे राहिले. गल्लीतल्या सगळ्या ट्रंका मीच रिकाम्या करवल्या होत्या, आणि नंतर त्याच बायकांकडे जुनी लुगडी मागितली होती.

“हे नवे आहे,” मी दुपटे पुढे केले.

हौसाबाईने भाकरी तव्यावर टाकली. “आता जुनं झालंय की.”

“कसे केले?”

“सोड्यात उकळलं. धोंड्यावर आपटलं. मग घरातल्या समद्यांनी आठ रात्री अंगावर घेतलं. सासऱ्याला म्हटलं, सारखी कूस बदला, मऊ पडू द्या. म्हातारा वैतागला.”

“आणि रंग?”

“एकीनं चहा, एकीनं हळद, एकीनं नीळ. एकसारखं दिसलं असतं, तर तुम्ही वळखलं असतं. तुम्ही काय, डोळं मिटून वय सांगता.”

मी चुलीजवळच्या पाटावर बसले. ती बस म्हणाली नव्हती. “कुळाचार खोटा आहे, हे तुला कधी कळले?”

“तुम्ही बोलला तवाच. आक्का, तुमच्या घरात असला कुळाचार असता, तर आमाला तो धा वर्सं आधीच ऐकवला असता.”

मी हातातल्या दुपट्याची घडी घातली.

“मग तेव्हाच का बोलली नाहीस?”

“बोलले असते, तर कापड घेतलं असतंत?” तिने भाकरी उलटली. “बाळाला काय, कापडाशी काम.”

आतल्या अंगाला तिची लेक सुमन जात्यापाशी पाय पसरून बसली होती. तीही पहिल्या बाळंतपणाला आली होती, सातवा सरत आला होता. तिच्या हाताशी एकही दुपटे दिसत नव्हते. मी उठले आणि घरी आले.

वैशाख संपता संपता चंपा बोहारीण पुन्हा गल्लीत आली. डोक्यावर भांड्यांची पाटी आणि पाठीला आदल्या गल्लीत मिळालेल्या जुन्या कपड्यांचे भले मोठे गाठोडे. तिची आरोळी ऐकून बायका आपापल्या दारात आल्या, परंतु ओट्याखाली कोणी उतरले नाही. कोणाकडे देण्यासारखे काही उरलेच नव्हते. मी फळीवरचा डबा काढला, पदराने पुसला आणि ओट्यावर नेऊन ठेवला.

“काय देताय आक्का?” चंपाने विचारले.

“डबा.”

“ह्यो माझाच की.”

“तुझाच आहे. परत घे, आणि अकरा सुती लुगडी दे. गाठोडे सोड, मी निवडून घेईन.”

चंपा पाटी उतरवून मटकन खाली बसली. वीस वर्षांच्या धंद्यात तिला असे कोणी सांगितले नसावे. “अकरा कशी येतील? सात महिनं वापरलाय डबा.”

समोरच्या दारात हौसाबाई उभी होती. शेजारी जैबून. वाणीण. सगळी गल्ली ऐकत होती. आवाज खाली आणता आला असता. मी तो आणला नाही.

“एकदाही वापरला नाही,” मी म्हणाले. “त्यात ठेवायला घरात काही नव्हते.”

चंपाने झाकण उघडून आत पाहिले. आत तिचे तोंड दिसण्याइतका तो कोरा होता. तिने मुकाट्याने गाठोड्याची गाठ सोडली. मी एकेक लुगडे उजेडात धरून पाहिले, बसण्याच्या जागी विरलेली, म्हणजे खरी जुनी, तेवढी निवडून घेतली. नऊवर सौदा पटला. ती नऊ लुगडी मी घडी घालून हौसाबाईच्या उंबऱ्यावर ठेवली.

“ही कुणाची?” तिने विचारले.

“नऊ घरची. सुमनसाठी.”

मागे चंपा पाटी उचलता उचलता बडबडत होती. “भांडी देऊन जुनेर घ्यायचं. असा उलटा सौदा कुठं असतोय व्हय?”

“आमच्या गल्लीत असतो,” मी म्हणाले. “कुळाचार आहे.”

हौसाबाईने माझ्याकडे पाहिले, लुगड्यांकडे पाहिले, आणि ती आत गेली. मला वाटले, लुगडी ठेवायला गेली. परंतु लुगडी उंबऱ्यावरच होती. ती बाहेर आली, तेव्हा तिच्या काखेत फळीवरचा डबा होता.

“चंपे, थांब,” ती म्हणाली. “ह्याचं किती देतीस?”